लॉक तोडलेल्या कॅसेट

२ ऑक्टोबर १९५९ या दिवशी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली. त्यानंतर बरोबर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ ला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं. खानदेशात घरांवर अँटेना दिसायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. या तीन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. पण जळगावच्या एका घरात, पत्र्याच्या एका पेटीत त्या एकत्र येऊन पडल्या. त्या पेटीमुळे एक प्रश्न गेली काही वर्षं माझ्या डोक्यात घोळतो आहे : टीव्हीवर सांगितलेल्या गोष्टींपैकी काय टिकतं आणि काय पुसलं जातं, हे ठरतं कसं?

‘ट्वायलाइट झोन’ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं ती चालली. एकूण १५६ भाग. प्रत्येक भागात नवी गोष्ट, नवी माणसं, नवं गाव. कुठे परग्रहवासी, कुठे यंत्रमानव, कुठे काळ मागेपुढे होतो, तर कुठे निव्वळ चमत्कार. सगळ्या भागांत समान असणारा माणूस एकच, रॉड सर्लिंग. ते कधी काळ्या सुटात पडद्यावर येतात, कधी फक्त आवाजातून. गोष्टीच्या आधी चार वाक्यं, गोष्टीनंतर चार वाक्यं. १५६ पैकी ९२ भाग त्यांनी स्वतः लिहिले.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. राजाच्या खांद्यावर बसून दर वेळी नवी गोष्ट सांगायची, शेवटी पेचात टाकायचं आणि पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळायचं, हे वेताळपंचविशीत आपण लहानपणीच वाचलेलं असतं. माझ्या मामींनी सर्लिंगना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “हा त्यांचा वेताळ दिसतो.” त्याहून नेमकी व्याख्या मला नंतरही कुठे सापडली नाही.

*

मामा जळगावात बँकेत होते. त्यांचे साडू अमेरिकेत स्थायिक झालेले. तिकडे कोलंबिया हाउस नावाचा क्लब होता. त्याचं सभासद झालं की टपालाने कॅसेट घरी यायच्या, एकेका कॅसेटवर या मालिकेचे काही भाग. साडूंनी त्या पाहून झाल्या की दर दोन-तीन वर्षांनी भारतात येताना बॅगेतून आणायच्या, हा शिरस्ता नव्वदच्या दशकात चालू होता. मामांकडे अशा चौदा कॅसेट जमल्या. सोबत ‘द आउटर लिमिट्स’ या १९६३ ते १९६५ दरम्यानच्या, त्याच जातीच्या मालिकेच्या दोन. पुढे ‘ट्वायलाइट झोन’चे सगळे हंगाम २००४ ते २००६ मध्ये नव्याने साफ करून डीव्हीडीवर निघाले, तेही संच आले. जळगावात कोणाकडे लग्नाची कॅसेट असायची, कोणाकडे ‘शोले’ची. मामांकडे हे होतं.

या कॅसेट आपल्याकडे लागायला नको होत्या. अमेरिकेची टीव्ही पद्धत एनटीएससी, म्हणजे चित्रात ५२५ रेघा आणि सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा. आपली पाल, ६२५ रेघा आणि ५०. साध्या भारतीय व्हीसीआरला अमेरिकन कॅसेट घातली तर पडद्यावर नुसता गोंधळ. मामांनी दुबईहून आलेला, दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर कोणाकडून तरी घेतला होता. तरीही चित्र वरखाली पळायचं आणि रंग उतरायचे नाहीत. त्यावर मामांचा उपाय होता तो घरातला जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. मागच्या बाजूचं व्ही-होल्डचं बटण हळूहळू फिरवलं की पळणारं चित्र एका जागी उभं राहायचं. रंगांचा प्रश्नच नव्हता, मूळ मालिकाच कृष्णधवल. जुन्या टीव्हीवर त्या गोष्टींचं काही म्हणजे काही कमी झालं नाही. नव्या रंगीत टीव्हीला ते बटण नव्हतं, म्हणून त्यावर त्या लागत नसत. जळगावच्या उन्हाळ्यात, कूलरच्या घरघराटात, मामा ते बटण धरून बसायचे आणि आम्हा भाचरांना वाक्यागणिक अर्थ सांगायचे.

कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पाती असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. आमच्याकडे तिला लॉक म्हणायचे. कोऱ्या कॅसेटला लॉक शाबूत असतं. ते तोडलेलं असेल आणि कॅसेट पुन्हा वापरायची असेल, तर भोकावर सेलोटेप चिकटवायची की झालं. कंपनीकडून भरून आलेल्या कॅसेटना मात्र पाती मुळातच नसते, जागा मोकळीच असते. साडूंच्या सोळाही कॅसेट अशा मोकळ्या जागेच्या होत्या. त्यामुळे त्या कधी पुसल्या गेल्या नाहीत. ही एवढीशी पाती या लेखात पुढेही येणार आहे.

*

‘ट्वायलाइट झोन’ टिकली त्याची कारणं कलेशी फारशी संबंधित नाहीत. ती ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती, सिनेमासारखी. फिल्मवर एकदा चित्र उमटलं की ती धुऊन परत वापरता येत नाही. शिवाय अमेरिकेत मालिका पुन्हा पुन्हा स्थानिक वाहिन्यांना विकण्याचा धंदा होता. त्यामुळे निगेटिव्ह जपून ठेवण्यात पैसा होता. तो किती, याचा अंदाज खुद्द सर्लिंगनाही आला नाही. साठच्या दशकातच त्यांनी आपला हिस्सा सीबीएसला विकून टाकला. १९७५ मध्ये, पन्नाशीत, ते वारले. कॅसेट आणि तबकड्यांचा काळ त्यांनी पाहिलाच नाही.

याच मालिकेत एक अपवाद आहे. दुसऱ्या हंगामात खर्च वाचवण्यासाठी सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर केले गेले. मामांच्या संचात त्यांतले काही आहेत आणि ते ताबडतोब ओळखू येतात. चित्र सपाट, सगळं स्टुडिओच्या चार भिंतींत, रस्ता नाही की आकाश नाही. प्रयोग तेवढ्यावर थांबला. हे सहा भाग नशीबवान, कारण त्या काळात टेपवर केलेल्या कार्यक्रमांची वाट बहुधा दुसरीकडे जायची.

इंग्लंडमध्ये बीबीसीने १९६५ ते १९७१ या काळात ‘आउट ऑफ द अननोन’ नावाची अशीच मालिका केली. ॲसिमॉव्हपासून ई. एम. फॉर्स्टरपर्यंतच्या लेखकांच्या कथांवर बेतलेले एकूण ४९ भाग. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेत फक्त २०. व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून परत वापरता यायची. कपाट भरलं की जुनं पुसायचं, हा हिशेब होता. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. २०१४ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने उरलेल्या भागांचा डीव्हीडी संच काढला. त्यात हरवलेले काही भाग फोटो आणि ध्वनिमुद्रणं जोडून उभे केले आहेत. भांड्याच्या खापऱ्या जोडाव्यात तसे.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या काळातल्या अनेक कार्यक्रमांचं हेच झालं. टेप परदेशातून यायची, मोजून मिळायची. आज झालेला कार्यक्रम उद्याच्या कार्यक्रमाखाली जायचा. त्या काळातल्या मुलाखती, नाटकं, गाणी यांबद्दल आज आपण ज्येष्ठांच्या तोंडून ऐकतो. पाहता येत नाहीत.

तिन्ही ठिकाणचा नियम एकच दिसतो : जे पुन्हा वापरता येतं, ते टिकत नाही. महाग असल्यामुळे टेप जपली गेली आणि टेप जपण्यासाठी तिच्यावरचं चित्र पुसलं गेलं.

*

धुळ्यात राहणाऱ्या माणसाला हा नियम टेपच्या आधीपासून ठाऊक असायला हवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच निधन झालं. त्यांच्या मागे त्यांचे कागद जपायला राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, ते आजही आहे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यानंतरची त्यांची बहुतेक हयात गावोगाव पायी हिंडून माळ्यावरचे, पोटमाळ्यावरचे रुमाल सोडवण्यात गेली. त्यांची स्पर्धा काळाशी होती तेवढीच वाण्याशी होती. जुना कागद चिवट असतो, त्याच्या पुड्या चांगल्या बांधल्या जातात. म्हणजे कागदही पुन्हा वापरता येत होता, आणि म्हणूनच तोही संपत होता.

याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून रामदासी बाडं गोळा केली आणि त्यांच्यासाठी समर्थ वाग्देवता मंदिर बांधलं. तिथे देव्हाऱ्याचा मान हस्तलिखितांना आहे. मूर्तीऐवजी पोथ्या जपणारं देऊळ ज्या गावात आहे, तिथे राहून मला कॅसेटची चिंता वाटते, यात नवल नसावं.

जळगावकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, नांदल्या जळगावात. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी सुचायची आणि हवेत जायची. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगाने त्यातली काही उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. वहीत जेवढं उतरलं तेवढंच महाराष्ट्राला मिळालं. बाकीचं ज्यांनी ऐकलं त्यांच्याबरोबर गेलं.

कागदासाठी राजवाडे होते, बाडांसाठी देव, ओव्यांसाठी सोपानदेवांची वही. चुंबकीय टेपसाठी खानदेशात असं कोणी झालं नाही. टेपला आपण साधन मानलंच नाही, करमणूक मानली.

*

आणि टेप तर आपल्याकडे भरपूर होती. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ आखातातून व्हीसीआर आले. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, कापसाचे पैसे हातात आलेल्या गावांत, व्हीसीआर विकत घेणारे थोडे आणि रात्रीपुरता भाड्याने आणणारे पुष्कळ. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार सिनेमे असा तो संच असायचा. गणपतीत, बारशाला, साखरपुड्याला अंगणात लावायचा आणि पहाटेपर्यंत पाहायचा. सिनेमावाल्यांना या धंद्याचा एवढा धसका बसला की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल करून व्हिडिओचा स्पष्ट उल्लेख करावा लागला.

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने तासाभरावर मालेगाव. जिल्हा नाशिक, पण आमच्याकडच्या लोकांचं येणं-जाणं रोजचं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी, पार्लरसाठी सिनेमे कापता-जोडता शिकलेल्या विद्येवर, ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख त्यात सुपरमॅन झाले. उडण्याचं दृश्य करायला हिरवं कापड ताणून पडदा केला होता. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटामुळे हे सगळं जगाला कळलं. आमच्या भागात घरगुती व्हिडिओवर जन्मलेली विज्ञानकथा म्हणायची तर ती हीच. आणि तीसुद्धा बाहेरून कोणीतरी येऊन चित्रित केली, म्हणून तिची नीट नोंद झाली.

मराठी विज्ञानकथेचं घर मात्र टीव्ही नव्हतं. ती वाढली मासिकांत, दिवाळी अंकांत आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत. १९७४ मध्ये या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली, ‘कृष्णविवर’. पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा उलगडा झाला की आपलीच आद्याक्षरं उलटी करून जयंत विष्णु नारळीकरांनी ती पाठवली होती. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर हे सगळे कागदावरचे. म्हणून ते आज मिळतात. एखादा दिवाळी अंक जळगावच्या वाचनालयात नसला तर पुण्याच्या रद्दीवाल्याकडे असतो. एकाच वेळी हजारो प्रती छापल्या गेल्या की त्यांतली एखादी तरी चुकून वाचते.

टीव्हीवर हिंदीतून जे थोडंफार आलं, म्हणजे ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’, त्याची अवस्था वेगळी. माझ्या पिढीच्या कोणालाही झखाकूचं नाव घ्या, चेहरा उजळतो. संपूर्ण मालिका बघायची म्हटलं तर हाती तुकडे येतात, तेही बहुतेक कोणीतरी घरच्या व्हीसीआरवर उतरवून ठेवलेले.

*

मामा गेल्यावर मामींनी पेटी माझ्याकडे धुळ्याला पाठवली. सोळा अमेरिकन कॅसेट, डीव्हीडीचे संच आणि तळाशी एक कोरी म्हणून घेतलेली भारतीय कॅसेट. तिच्यावर मामांच्या अक्षरात लिहिलेलं, “दूरदर्शन, किरकोळ”.

धुळ्यात लग्नाच्या जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून देणारी दोन-तीन दुकानं आहेत. २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून ही माणसं जुन्या यंत्रांचे भाग काढून काढून काम चालवतात. आधी दुकानदाराने अमेरिकन कॅसेट पाहिल्या. चारांना बुरशी, दोघींची टेप चिकटलेली. जळगावचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि त्यावर पावसाळ्याची दमट हवा यांना टेपवरचा लेप फार वर्षं तोंड देत नाही. मला वाईट वाटलं, पण फार नाही. ते सगळे भाग जगभर तबकड्यांवर आहेत, माझ्या डीव्हीडीवरही आहेत. उद्या धुळं-जळगाव नकाशावरून गेलं तरी ‘ट्वायलाइट झोन’चा एक क्षणही हरवणार नाही.

मग त्याने तळातली कॅसेट लावली. सुरुवातीला दूरदर्शनचं फिरतं चिन्ह, मग ‘स्पेस सिटी सिग्मा’च्या एका भागाची अकरा मिनिटं, मध्ये वॉशिंग पावडरची जाहिरात. चित्रावर पावसासारख्या रेघा. अकराव्या मिनिटाला एक झटका बसतो आणि माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा सुरू होतो. तीन तासांच्या टेपवर उरलेलं सगळं साखरपुडाच. मी कॅसेटची कड पाहिली. लॉक तोडलेलं होतं आणि भोकावर सेलोटेप होती.

म्हणजे मामांनी आधी ती जपायची म्हणून लॉक तोडलं होतं. नंतर घरात कार्य निघालं, बाजारात जाऊन नवी कॅसेट आणायला वेळ नसेल किंवा पैसे नसतील, म्हणून टेप चिकटवली. बीबीसीने, दूरदर्शनने जे केलं तेच, त्याच कारणाने. मामींना मी हे फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग काय पोरीचा साखरपुडा सोडून रॉकेट ठेवायचं होतं?” त्यांचं बरोबर आहे. त्या साखरपुड्यात आज हयात नसलेली सात माणसं चालताबोलताना दिसतात. पण त्या घरात लॉक नसलेल्या, म्हणजे पुसताच न येणाऱ्या सोळा कॅसेट होत्या, आणि पुसता येणारी होती ती नेमकी आपल्या भाषांच्या टीव्हीची. परक्याच्या गोष्टी आपोआप सुरक्षित राहिल्या. आपल्या गोष्टींना कोणीतरी मुद्दाम राखावं लागणार होतं.

*

‘गेल्या तर गेल्या, गोष्टीच त्या’, असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर मला धुळे जिल्ह्यातच मिळालं.

सर्लिंग विज्ञानकथेकडे वळले त्यामागे एक खून होता. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी ठार केलं आणि आरोपी सुटले. सर्लिंगनी त्यावर टीव्हीसाठी नाटक लिहिलं. प्रायोजकांनी दबाव आणून त्यातलं गाव दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडला नेलं, मेलेला माणूस बदलला, काट मारत मारत विषयच नाहीसा केला. तेव्हा सर्लिंगच्या लक्षात आलं की जे माणसांच्या तोंडून बोलता येत नाही ते परग्रहवासीयांच्या आडून बोलता येतं. ‘ट्वायलाइट झोन’ ही त्यांनी शोधलेली पळवाट होती.

४ मार्च १९६० ला दाखवला गेलेला ‘मेपल स्ट्रीटवर राक्षस येणार’ अशा अर्थाच्या नावाचा भाग या पळवाटेचा नमुना आहे. एका गल्लीतले दिवे जातात, गाड्या बंद पडतात. एक पोरगा कुठेतरी वाचलेली गोष्ट सांगतो : परग्रहावरचे लोक हल्ल्याआधी माणसासारखं दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवतात. झालं. काल एकमेकांकडे वाटी घेऊन जाणारे शेजारी एकमेकांची झडती घेऊ लागतात. कोणाची गाडी आपोआप सुरू झाली, कोण रात्री आकाशाकडे बघतो. अंधारातून एक आकृती येते, एकजण गोळी झाडतो. मेलेला माणूस त्यांचाच शेजारी निघतो. पलीकडच्या गल्लीत वीज आहे का, एवढंच बघून यायला तो गेला होता. खरी माहिती आणायला गेलेला एकटाच, तो मरतो. मग सगळी गल्ली एकमेकांवर तुटून पडते.

लहानपणी आम्हाला हा भाग विनोदी वाटायचा. वीज गेली म्हणून एवढं घाबरायचं? आमच्याकडे रोज जायची, लोक खाटा अंगणात काढून गप्पा मारायचे.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे पोचले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत प्रत्येक मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जण गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंदी घातली.

मी कॉलेजात शिकवते. त्या वर्षी वर्गात कोणीच या विषयावर बोलत नव्हतं. साक्री तालुक्यातली मुलं तर मान खाली घालून बसायची. मी काही म्हटलं असतं तर ते भाषण झालं असतं. एका शनिवारी मी मामांची तबकडी नेली आणि पंचवीस मिनिटांचा तो भाग लावला. मामांसारखाच वाक्यागणिक अर्थ सांगत गेले.

गोष्टीच्या शेवटी दोन परग्रहवासी टेकडीवरून गल्लीकडे बघत असतात. दिवे त्यांनीच घालवलेले असतात. नुसते दिवे घालवले की ही माणसं आपापसांतच संपतात, असा त्यांचा शोध. दिवे लागल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरचा साक्रीकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमनाकडे तं वरथीन कोनीच उना नही.”

आमच्याकडे तर वरून कोणीच आलं नव्हतं.

त्याच्या एका वाक्याने सर्लिंगच्या गोष्टीतली फट दाखवली. टेकडीवरच्या त्या दोघांमुळे मेपल स्ट्रीटला थोडी तरी सवलत मिळते : दिवे कोणीतरी बाहेरच्याने घालवले. राईनपाड्यात दिवे कोणी घालवले नव्हते. भरदुपार होती. मेसेज आपल्यातल्याच लोकांनी आपल्यातल्याच लोकांना पाठवले होते. त्यानंतर तासभर वर्ग बोलत होता. कोणाच्या घरी तो मेसेज आला होता, कोणी तो पुढे ढकलला, कोणाच्या गावात कोणाला अडवून आधार कार्ड मागितलं होतं. दोन मुली रडल्या. शेवटी एकीने विचारलं, “मॅडम, अशी गोष्ट आपल्यात कोणी केली नाही का?”

१९६० मध्ये अमेरिकेत केलेली गोष्ट माझ्या हाताशी होती, कारण ती फिल्मवर होती आणि विकण्याजोगी होती. आपल्याकडे कोणी केली असेल तर ती पुसल्या गेलेल्या एखाद्या टेपवर असू शकते, किंवा माळ्यावरच्या एखाद्या ‘किरकोळ’ कॅसेटवर. अशा गोष्टीची गरज कधी पडेल हे ती पुसणाऱ्याला दिसत नाही. मामांनाही दिसलं नसतं.

म्हणून आता कॉलेजातली मुलं आणि मी एक साधं काम करतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर माळा बघायचा. सिनेमाच्या कॅसेट सोडून द्यायच्या, त्या कुठेही मिळतील. हाताने लिहिलेल्या आणायच्या : टीव्हीवरून उतरवलेल्या, गावातल्या तमाशाच्या, वह्याच्या, अहिराणी नाटकाच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या. दुकानदार आम्हाला निम्म्या दरात करून देतो. त्याच्या यंत्राचं हेड झिजलंय, तो म्हणतो अजून दोन-एक वर्षं. आतापर्यंत एकतीस कॅसेट झाल्या. कशावर काय आहे ते मुलं एका वहीत लिहितात : गाव, साल, किती मिनिटं, मध्ये काय पुसलं गेलंय.

कॅसेट परत देताना दुकानदार आठवणीने एक काम करतो. कडेची पाती शाबूत असेल तर स्क्रूड्रायव्हरने ती मोडतो, आणि भोकावर सेलोटेप असेल तर ती नखाने खरवडून काढतो.